नेत्रतज्ज्ञ आणि संशोधक : दोन्ही कामे एका आयुष्यात करता येतात का?

धागालेखक

नेत्ररोगशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाचे माझे हे शेवटचे वर्ष आहे आणि पुढे काय, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. बरोबरीच्या बहुतेकांचे ठरले आहे. कोणी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत हात बसवणार आहे, तर कोणी दृष्टिपटलाच्या फेलोशिपला जाणार आहे. मला रुग्ण सोडायचे नाहीत, पण संशोधनही मनापासून करायचे आहे, आणि तेही फावल्या वेळात एखादा पेपर लिहिण्यापुरते नव्हे. हे ज्या प्रसंगामुळे मनात आले, तो आधी सांगतो.

काही महिन्यांपूर्वी ओपीडीत एकोणीस वर्षांचा एक मुलगा आला. अंधार पडला की चाचपडायला होते, पायरी चुकते आणि अलीकडे दिवसाही बाजूने येणारा माणूस अगदी अंगावर येईपर्यंत दिसत नाही, अशी त्याची तक्रार होती. बाहुली मोठी करणारे थेंब घालून मी डोळ्याचा पडदा (दृष्टिपटल) तपासला. कडेच्या भागात फाटे फुटलेले काळे डाग, दोऱ्यासारख्या बारीक झालेल्या रक्तवाहिन्या आणि डोळ्याच्या नसेची मेणचट, फिकट पडलेली चकती, असे सगळे पुस्तकातल्या वर्णनाबरहुकूम दिसत होते. रेटिनायटिस पिग्मेंटोझाचे, म्हणजे पडदा हळूहळू निकामी करत जाणाऱ्या आनुवंशिक विकाराचे, निदान करायला दोन मिनिटेही लागली नाहीत. मग आम्हाला जे शिकवले गेले आहे तेच मी त्याला सांगितले, की यावर उपाय नाही, दरवर्षी तपासणीला येत जा. त्याने शांतपणे विचारले, "उपाय नाही, तर दरवर्षी यायचे कशासाठी?" मला उत्तर देता आले नाही आणि त्याचा तो चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

रुग्णसेवा सांभाळून संशोधन करणारा डॉक्टर ही दुर्मीळ होत चाललेली जमात आहे, असा इशारा अमेरिकन डॉक्टर जेम्स वाइनगार्डन यांनी १९७९ मध्येच एका लेखातून दिला होता. तो वाचल्यावर धीर थोडा खचला. ज्यांनी ही वाट चालून पाहिली आहे त्यांनी, आणि ज्यांनी ती जवळून पाहिली आहे त्यांनीही, कृपया मोकळेपणाने लिहावे.

प्रतिसाद १ : दृष्टिपटलतज्ज्ञ, पंचवीस वर्षे ओपीडी आणि प्रयोगशाळा दोन्हींत

तुमच्या रुग्णाच्या प्रश्नाला उत्तर आहे आणि या करिअरचे मर्म मला त्या उत्तरातच दिसते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पहिली गोष्ट म्हणजे, 'उपाय नाही' हे वाक्य जनुकीय तपासणी होण्याआधी उच्चारू नये. रेटिनायटिस पिग्मेंटोझा हा एक रोग नव्हे. ऐंशीहून अधिक जनुकांपैकी कोणत्याही एकातील बिघाडामुळे पडद्याचे चित्र साधारण सारखेच दिसू शकते, इतकेच. त्यांपैकी आरपीई६५ या जनुकातील दोषावर अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये जनुकोपचाराला मान्यता मिळाली. असे रुग्ण फार थोडे असतात हे खरे, पण तुमच्यासमोर बसलेला मुलगा त्यांपैकी एक आहे की नाही, हे पडदा पाहून ठरत नाही.

दुसरी गोष्ट दरवर्षी येण्याची. बॉस्टनमध्ये एलियट बर्सन अशा रुग्णांना वर्षानुवर्षे बोलावत असत, प्रकाशाच्या झोताला पडदा किती विद्युत प्रतिसाद देतो ते इलेक्ट्रोरेटिनोग्रामवर नोंदवत असत आणि घराण्यात आणखी कोणाला हा त्रास आहे ते विचारून वंशवृक्ष जपून ठेवत असत. देण्यासारखे औषध तेव्हा त्यांच्याजवळही नव्हते. पुढे १९८९ मध्ये डब्लिनच्या एका गटाने एका मोठ्या आयरिश कुटुंबातील रोगाचा माग काढत तो तिसऱ्या गुणसूत्राच्या लांब बाहूपर्यंत नेला. अंधुक प्रकाशात पाहायला लागणाऱ्या ऱ्होडॉप्सिन या प्रथिनाचे जनुक नेमके त्याच भागात असते. थॅडियस ड्रायजा हे स्वतः नेत्रतज्ज्ञ. त्याआधी, १९८६ मध्ये, लहान मुलांच्या डोळ्यातील रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगाचे जनुक वेगळे काढणाऱ्या संशोधकांत ते होते. त्यांनी आणि बर्सन यांनी मिळून या रुग्णांचे डीएनए तपासले आणि १९९० मध्ये ऱ्होडॉप्सिनच्या साखळीत तेविसाव्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन आल्याचे दाखवून दिले. या रोगामागचा नेमका रेण्वीय दोष तेव्हा पहिल्यांदा हाती लागला. ते रुग्ण 'उपाय नाही, तर कशाला' म्हणून घरी बसले असते, तर ड्रायजा यांच्या परीक्षानळीत घालायला काहीच नसते.

आता आठवड्याच्या गणिताविषयी, कारण माणसे बहुधा तिथेच हरतात. माझ्या पहिल्या नोकरीत तीन दिवस संशोधनासाठी मोकळे मिळतील, असे तोंडी ठरले होते. सहा महिन्यांत त्यांतला एक दिवस तातडीच्या रुग्णांनी घेतला, वर्षभरात दुसरा दिवस रजेवर गेलेल्या सहकाऱ्याच्या शस्त्रक्रियांनी घेतला आणि उरलेल्या दिवशी मी इतका थकलेला असे, की प्रयोगशाळेत जाऊन मागच्या आठवड्याची वही नुसती चाळून परत येई. कोणी वाईट हेतूने असे केले नव्हते. रुग्ण दाराशी उभा असतो आणि प्रयोग उभा नसतो, म्हणून दरवेळी प्रयोगच मागे पडतो. तीन वर्षांत माझा स्वतःचा एकही प्रकल्प तडीस गेला नाही. तेव्हापासून संशोधनाचे दिवस कोणते, त्या दिवशी ओपीडी कोण पाहणार आणि हे दिवस कमी करायचे झाल्यास कोणाची परवानगी लागेल, हे नेमणुकीच्या पत्रातच लिहून घ्यावे, असे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगत आलो आहे.

शस्त्रक्रियेच्या बाबतीतही निवड करावी लागेल. सगळ्या प्रकारच्या शस्त्रक्रिया, सगळ्या प्रकारचे रुग्ण आणि शिवाय प्रयोगशाळा, हे जमत नाही. मी मोतीबिंदू पूर्णपणे सोडला. पहिली दोन वर्षे त्याचे फार वाईट वाटत होते, कारण दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर रुग्णाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो प्रयोगशाळा दहा वर्षांतही देत नाही. पण ज्या रोगावर संशोधन करायचे त्याच रोगाचे रुग्ण ओपीडीत पाहायचे, एवढी शिस्त पाळली तर दोन्ही कामे एकमेकांना पोसतात.

प्रतिसाद २ : दृष्टिपटलावर काम करणारी जीवशास्त्रज्ञ

मी डॉक्टर नाही. पण वैद्यकीय शिक्षण घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आलेल्या अनेकांना जवळून पाहिले आहे, म्हणून लिहिते.

ओपीडीत दिवसाला साठ-सत्तर डोळे पाहणाऱ्या माणसाला आमच्या कामाची गती सोसत नाही, हा पहिला अनुभव. उंदराचा डोळा जेमतेम तीन मिलिमीटरचा असतो आणि त्यातली बरीचशी जागा एकट्या भिंगाने अडवलेली असते. तसाच गोठवून काप घ्यायला गेले, तर कडक भिंग पात्याला अडकते आणि शेजारचा नाजूक पडदा ओढला जाऊन फाटतो. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली आधी पारपटल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग) गोल कापायचे, भिंग अलगद बाहेर काढायचे आणि मग उरलेल्या वाटीसारख्या भागाचे काप घ्यायचे. हे नीट जमायला दोन-तीन महिने जातात. ज्याने माणसाच्या डोळ्यावर सफाईने शस्त्रक्रिया केल्या आहेत, त्याला या टप्प्यावर स्वतःचाच राग येतो. तो राग ओसरेपर्यंत जो टिकतो, तो पुढे टिकतो.

पण डॉक्टर असण्याचा उपयोग किती होतो, याचेही एक उदाहरण देते. मॅक्युलाच्या, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाच्या, वयोमानानुसार होणाऱ्या झिजेवर आमच्याकडे काम चालू होते. एका जनुकात बदल केलेल्या उंदरांच्या पडद्यावर पांढरट पिवळे ठिपके दिसू लागले. माणसात या रोगाच्या सुरुवातीला जे ड्रुसेन दिसतात, तसेच हे आहेत, असे समजून आम्ही सगळे हरखून गेलो. जवळपास आठ महिने आम्ही त्याच कल्पनेवर प्रयोग रचत गेलो. नव्याने आलेल्या एका नेत्रतज्ज्ञाने सगळे फोटो टेबलावर ओळीने मांडले आणि विचारले, "हे ठिपके प्रत्येक डोळ्यात खालच्या, नाकाकडच्या भागातच का आहेत?" ठिपके कुठे आहेत याकडे आमच्यापैकी कोणाचेच लक्ष गेले नव्हते, आणि पडदा पाहताना हा प्रश्न आधी विचारायची त्याला ओपीडीने सवय लावलेली होती. तपासल्यावर कळले, की आमच्या उंदरांच्या मूळ वंशातच सीआरबी१ जनुकाचा आरडी८ नावाचा दोष होता आणि ठिपके त्याचे होते. आम्ही बदललेल्या जनुकाचा त्यात काही संबंध नव्हता. प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या सी५७बीएल/६एन या वंशाच्या उंदरांत हा दोष असतो, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. आम्ही ते आधी वाचून आपले उंदीर तपासायला हवे होते.

उंदराला मॅक्युला नसतोच, ही गोष्टही डॉक्टरांनी आम्हाला पुन्हा पुन्हा ऐकवावी. आम्ही ती विसरतो.

प्रतिसाद ३ : एका रुग्ण मुलीचा पालक

माझ्या मुलीला स्टारगार्ट हा पडद्याचा आनुवंशिक रोग आहे. निदान होण्याआधी नजर सुधारावी म्हणून एका डॉक्टरांनी चांगल्या हेतूने 'अ' जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या दिल्या होत्या आणि आम्ही त्या नेमाने देत होतो. पुढे ज्या डॉक्टरांकडे गेलो, ते स्वतः संशोधन करणारे होते. त्यांनी पहिल्याच भेटीत त्या गोळ्या बंद केल्या आणि कागदावर चित्र काढून समजावले, की एबीसीए४ जनुक बिघडले की 'अ' जीवनसत्त्वापासून तयार होणारा टाकाऊ भाग पेशींतून नीट बाहेर टाकला जात नाही आणि तो साचत जातो, म्हणून त्यात जास्तीची भर घालायची नाही.

मुलगी बरी होईल का, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "आज नाही. पुढचे मला माहीत नाही. पण काय माहीत नाही, ते मी तुम्हाला नेमके सांगू शकतो." त्यानंतर अर्धा तास ते बोलत होते. तुमच्या त्या रुग्णाला असा अर्धा तास हवा होता, असे मला वाटते. कृपया ही वाट सोडू नका.

प्रतिसाद ४ : नेत्ररोगांच्या वैद्यकीय चाचण्यांवर काम करणारे

वरच्या प्रतिसादांत प्रयोगशाळेविषयी पुष्कळ आले आहे, म्हणून मी चाचण्यांविषयी लिहितो. प्रयोगशाळेत पाऊल न ठेवताही संशोधक होता येते आणि डोळ्यांच्या क्षेत्रात त्या कामाचे मोल मोठे आहे.

अकाली जन्मलेल्या बाळांना येणाऱ्या अंधत्वाचा इतिहास प्रत्येक नवशिक्या संशोधकाने वाचावा. १९४०च्या दशकात या बाळांना भरपूर प्राणवायू देणे हीच उत्तम सेवा समजली जाई, आणि त्याच काळात अशी पुष्कळ बाळे आंधळी होऊ लागली. अरनॉल पॅट्झ तेव्हा वॉशिंग्टनच्या एका सार्वजनिक रुग्णालयात शिकणारे तरुण डॉक्टर होते. प्राणवायूच अपाय करत असावा, अशी शंका त्यांना आली. काही बाळांना कमी प्राणवायू द्यायचा प्रस्ताव धोकादायक वाटल्यामुळे निधी नाकारला गेला, तेव्हा त्यांनी भावाकडून पैसे उसने घेऊन बालरोगतज्ज्ञ लिरॉय होक यांच्यासह अभ्यास केला. बाळांचा श्वास कोंडेल या काळजीने परिचारिका रात्री प्राणवायूची कळ गुपचूप वाढवत, असेही त्यांच्याविषयी सांगितले जाते. त्या परिचारिकांना मी दोष देऊ शकत नाही. समोरचे बाळ वाचावे म्हणूनच त्या तसे करत होत्या. पुढे १९५३-५४ मध्ये १८ रुग्णालयांत मिळून चाचणी झाली आणि पॅट्झ यांची शंका खरी ठरली.

मात्र गोष्ट तिथे संपली असे समजू नये. प्राणवायू सरसकट कमी केल्यावर डोळे वाचले, पण बाळे दगावू लागली. किती प्राणवायू योग्य, हा प्रश्न २०१० पर्यंत चालत आला. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या सपोर्ट या चाचणीत रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ८५ ते ८९ टक्के राखलेल्या गटात डोळ्यांचा गंभीर विकार वाचलेल्या बाळांपैकी ८.६ टक्क्यांना झाला, तर ९१ ते ९५ टक्के राखलेल्या गटात तो १७.९ टक्क्यांना झाला. केवळ नेत्रतज्ज्ञाच्या नजरेने पाहिले तर कमी प्राणवायूचा गट सरळ जिंकला. पण त्याच गटात मृत्यू १९.९ टक्के होते आणि दुसऱ्या गटात १६.२ टक्के. बाळ दगावले तर पडदा वाचवून काय मिळवले, हा प्रश्न चाचणी आखतानाच विचारावा लागतो, आणि तो विचारायला बालरोगतज्ज्ञ शेजारी बसलेला असावा लागतो.

काय मोजायचे, हेही असेच अवघड आहे. आरपीई६५च्या जनुकोपचाराच्या तिसऱ्या टप्प्यात तक्त्यावरची अक्षरे वाचण्यात दोन गटांत ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही. संशोधकांनी मात्र मुख्य कसोटी वेगळी ठेवली होती. जमिनीवर बाणांनी आखलेला, अडथळे मांडलेला मार्ग रुग्णाने किती कमी उजेडात न अडखळता पार केला, हे मोजले होते. उजेडाच्या पायऱ्या १ लक्सपासून ४०० लक्सपर्यंत होत्या (लक्स हे उजेड मोजायचे एकक). उपचार घेतलेल्यांची सुधारणा सरासरी १.८ पायऱ्यांची, तर न घेतलेल्यांची ०.२ पायरीची निघाली. तुमच्या रुग्णाची तक्रार पाहा : अंधारात पायरी चुकते. तक्त्यापाशी उभा केला, तर कदाचित तो शेवटची ओळही वाचून दाखवील. रुग्णाचे गाऱ्हाणे ज्याने रोज ऐकले आहे, त्यालाच अशी कसोटी सुचते.

आणखी एक खबरदारी. दोन डोळे आहेत, म्हणून एकात औषध आणि दुसरा तुलनेला, हे फार सोयीचे वाटते. लेबरच्या आनुवंशिक विकारात, म्हणजे डोळ्याची नस निकामी करणाऱ्या एलएचओएनमध्ये, एकाच डोळ्यात जनुकोपचार केला, तर न टोचलेल्या डोळ्याची नजरही सुधारली, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. तुलनेचा डोळाच असा हातचा गेल्यावर फरक मोजायचा कशाशी?

धागालेखक

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या प्रतिसादातील सरांना एक विचारायचे आहे. आता पीएच. डी. करावी का? आणि केली, तर शस्त्रक्रियेचा हात जाईल, ही भीती कितपत खरी आहे?

प्रतिसाद ५ : दृष्टिपटलतज्ज्ञ

पदवीचा क्रम आणि प्रकार यांना मी फारसे महत्त्व देत नाही, कारण सगळ्या प्रकारची उदाहरणे समोर आहेत. आरपीई६५च्या जनुकोपचारामागे ज्यांचे अनेक वर्षांचे काम आहे, त्या जीन बेनेट यांनी आधी पीएच. डी. केली आणि नंतर वैद्यकीय पदवी घेतली. पडद्याखाली औषध पोहोचवण्याची शस्त्रक्रिया त्यांचे पती अल्बर्ट मॅग्वायर करत. डेव्हिड हुआंग दोन्ही पदव्यांसाठी एकाच वेळी शिकत होते. जेम्स फुजीमोटो यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी असतानाच, एरिक स्वॉन्सन यांच्या साथीने त्यांनी प्रकाशाच्या साहाय्याने पडद्याच्या थरांचे चित्र घेणारे ओसीटीचे तंत्र उभे केले. त्यावरचा पहिला लेख १९९१ चा, आणि २०२३ मध्ये त्या तिघांना त्यासाठी लास्कर पुरस्कार मिळाला. आज आपण रुग्णाची हनुवटी टेकवून काही सेकंदांत पडद्याचे थर पाहतो, ते त्यामुळे.

पीएच. डी.चा खरा उपयोग एवढाच, की तीन-चार वर्षे एकाच प्रश्नापाशी बसायची सक्ती होते आणि आपला अंदाज चुकला हे मान्य करायची सवय लागते. ती सवय दुसऱ्या मार्गाने लागणार असेल, तर पदवीवाचून अडत नाही. मार्गदर्शक निवडताना मात्र त्यांच्या लेखांची संख्या मोजत बसू नका. त्यांच्याकडून बाहेर पडलेले विद्यार्थी आज कुठे आहेत आणि त्यांच्यापैकी किती जण स्वतःच्या नावाने काम करत आहेत, ते पाहा. शक्य झाल्यास ज्या विद्यार्थ्याने मध्येच सोडले, त्यालाही फोन करा.

हाताची भीती खरी आहे. पूर्ण खंड पडला की सफाई जाते आणि ती परत यायला वेळ लागतो, म्हणून आठवड्यातला थिएटरचा एक दिवस कधीही सोडू नका.

निधीचे अर्ज नाकारले जातात, अनेकदा. पहिल्या नकाराच्या दिवशी परीक्षकांची टिप्पणी वाचू नये, आठवड्याने वाचावी. माझ्या सर्वांत चांगल्या प्रकल्पाची दिशा अशाच एका टिप्पणीने बदलली आणि ती टिप्पणी पहिल्या वाचनात मला अपमानास्पद वाटली होती.

आधी एक काम करा. त्या मुलाला पुन्हा बोलवा आणि त्याच्या घराण्याचा वंशवृक्ष स्वतःच्या हाताने काढा.

धागालेखक

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. मुलाला फोन केला, तो आईला घेऊन आला. वंशवृक्ष काढायला पाऊण तास लागला. त्याच्या मामाला तरुणपणापासून रात्री दिसत नव्हते आणि चाळिशीच्या आत त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. आईच्या एका मामांचेही तसेच झाले होते. वडिलांच्या बाजूला कोणालाच त्रास नाही. बायकांपैकी कोणाची तक्रार नसल्यामुळे हे आजवर कोणी विचारलेच नव्हते.

मग मी आईचे डोळे तपासले. त्यांची नजर चांगली आहे आणि काही त्रासही नाही. पण पडद्यावर मॅक्युलापासून बाहेरच्या दिशेने किरणांसारखी पसरलेली सोनेरी झाक होती. दोष एक्स गुणसूत्रावर असलेल्या घराण्यात वाहक स्त्रीच्या, म्हणजे स्वतःला फारसा त्रास नसताना तो दोष बाळगणाऱ्या स्त्रीच्या, पडद्यावर अशी झाक दिसू शकते, हे मी वाचले होते, पण पाहिले पहिल्यांदाच. वरिष्ठांना बोलावून दाखवले, तेव्हा त्यांनीही भिंग हातात घेऊन बराच वेळ पाहिले. आता जनुकीय समुपदेशन करून दोघांचे रक्त तपासणीसाठी पाठवले आहे. एक्स गुणसूत्रावरच्या आरपीजीआर जनुकाची शंका आहे. त्या मुलाची बहीण पुढच्या महिन्यात तपासणीला येणार आहे.

निघताना मुलाने पुढच्या वर्षीची तारीख स्वतःहून मागून घेतली.